हिवतापाच्या जंतूची गाठोडी



हिवतापाबद्दल आपण रेडिओवर पुष्कळ वेळा बोललो आहोत. घराभोवती पाणी साचू देऊ नका, मच्छरदाणीत झोपा, ताप आला की रक्त तपासा, हे आता तुम्हाला पाठ झालं आहे. तरी महिला गटांकडून आमच्याकडे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात.

पहिला प्रश्न असा, की ताप उतरला, माणूस शेतावर जायला लागला, तरी आशाताई आणखी एक औषध कशाला देतात? दुसरा, की गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, मग हिवताप त्याच माणसाला पुन्हा पुन्हा कसा होतो? आणि तिसरा, की पोटुशी बाईला, त्यातही पहिलटकरणीला, हिवतापाचं एवढं भय का?

प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे हिवतापाच्या जंतूच्या पोटातली एक इवलीशी पेटी. त्या पेटीत काही गोष्टी उघड्या असतात आणि काही गाठोडं बांधून ठेवलेल्या असतात. ही गाठोडी बांधणारी आणि सोडणारी प्रथिनं असतात. आज त्यांच्याबद्दल बोलू. विषय जरा नवा आहे, म्हणून सावकाश जाऊ.

जंतूचा प्रवास

आपल्याकडे हिवतापाचे मुख्य प्रकार दोन. एक व्हायवॅक्स आणि दुसरा फॅल्सिपेरम. फॅल्सिपेरम जास्त घातक. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात, भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत तो वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. आजचं बोलणं मुख्यतः या फॅल्सिपेरमचं.

ॲनॉफिलीस जातीची मादी डासीण चावते, तेव्हा तिच्या लाळेतून जंतू आपल्या अंगात शिरतात. ते आधी यकृतात जातात आणि आठवडाभर तिथे वाढतात. या काळात आपल्याला काही कळत नाही. मग ते रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. एका तांबड्या पेशीत एक जंतू शिरला, की साधारण ४८ तासांत त्याचे १६ ते ३२ जंतू होतात. पेशी फुटते, नवे जंतू बाहेर पडतात आणि नव्या पेशींत घुसतात. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजते, ताप भरतो, मग घाम येतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हाच एक जंतू डासिणीच्या पोटात एक रूप घेतो, यकृतात दुसरं, रक्तात तिसरं. काम वेगळं, अंगावरचा वेश वेगळा. पण त्याच्याजवळची माहिती मात्र सगळीकडे तीच असते. मग कुठे काय करायचं हे ठरतं कसं?

रिळावर गुंडाळलेला धागा

प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्या जिवाला लागणाऱ्या साऱ्या सूचना या धाग्यावर लिहिलेल्या असतात. एकेका सूचनेला जनुक म्हणतात. फॅल्सिपेरमचा सगळा धागा शास्त्रज्ञांनी २००२ साली वाचून काढला. त्याचे १४ तुकडे आहेत, म्हणजे १४ गुणसूत्रं. त्यांवर सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं आणि ५ हजारांहून जास्त जनुकं आहेत.

हा सगळा धागा सरळ केला तर भरेल पाऊण सेंटीमीटर. ऐकायला थोडा वाटतो. पण ज्या तांबड्या पेशीत हा जंतू राहतो, तिच्या रुंदीच्या तो जवळजवळ हजारपट लांब आहे. एवढा धागा तसाच कोंबला तर त्याचा गुंता होईल. म्हणून तो रिळावर गुंडाळलेला असतो.

हे रीळ म्हणजे हिस्टोन नावाची प्रथिनं. आठ हिस्टोन मिळून एक रीळ होतं आणि त्यावर धाग्याचे पावणेदोन वेढे बसतात. मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. अशी हजारो रिळं ओळीने असतात. धागा, रिळं आणि त्यांना धरून असणारी बाकीची प्रथिनं, या सगळ्याला मिळून क्रोमॅटिन म्हणतात. आपल्या शरीरातही असंच असतं. ही रीत जंतूची एकट्याची नाही.

रिळं सैल ठेवली तर तिथली सूचना वाचता येते. रिळं घट्ट दाबून एकमेकांना चिकटवली तर वाचता येत नाही. सूचना पुसलेली नसते, फाडलेली नसते. फक्त गाठोड्यात बांधलेली असते. एवढी गोष्ट लक्षात राहिली तरी आजचं निम्मं बोलणं कळलं म्हणून समजा.

गाठोडं कोण बांधतं

प्रत्येक रिळाला, म्हणजे हिस्टोनला, बारीक शेपट्या असतात. काही प्रथिनं या शेपट्यांवर छोट्या रासायनिक खुणा करतात. शिंपीण कापडावर खडूने खूण करते ना, कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, तसंच. एका जातीची खूण म्हणजे ‘इथे सैल ठेवा’. दुसऱ्या जातीची खूण म्हणजे ‘इथे बांधा’.

‘इथे बांधा’ ही खूण ओळखणारं एक प्रथिन आहे. त्याचं नाव एचपी-वन. भोंडल्यात आपण हात धरून फेर धरतो, तसं हे प्रथिन वागतं. एका बाजूने ते खूण असलेलं रीळ पकडतं आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या एचपी-वनचा हात धरतं. असे अनेक जण जोडले गेले की फेर आवळतो, रिळं जवळ येतात आणि गाठोडं तयार होतं. आतली जनुकं गप्प होतात.

हे एचपी-वन माश्यांत, माणसांत, पुष्कळ जिवांत असतं. आपल्या शरीरात ते धाग्याच्या पुष्कळ मोठ्या भागावर बसतं. हिवतापाच्या जंतूने मात्र ते फार निवडक ठिकाणी वापरलं आहे. त्याची बहुतेक जनुकं मोकळी असतात. गाठोड्यात बांधलेली असतात ती मुख्यतः दोन प्रकारची. एक, अंगावरचा वेश बदलण्याची जनुकं. आणि दुसरं, डासिणीकडे परत जाण्याची तयारी सुरू करणारं जनुक. म्हणजे आपल्यापासून लपणं आणि दुसऱ्या घरी पोचणं, या त्याच्या दोन मोठ्या कामांच्या किल्ल्या एचपी-वनच्या हातात आहेत.

साठ वेश, अंगावर एकच

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हिवताप पुन्हा पुन्हा का होतो?

फॅल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरला की स्वतःचं एक प्रथिन त्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर लावतो. त्या प्रथिनाच्या आकड्याने ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. चिकटायचं कशासाठी? आपल्या पोटात डाव्या बाजूला पानथरी असते. रक्तातल्या खराब पेशी गाळून काढणं हे तिचं एक काम. पेशी वाहत राहिली तर पानथरी तिला पकडेल. भिंतीला चिकटली तर वाचेल. पण अशा चिकटलेल्या पेशींनी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की रोगी बेशुद्ध होतो, झटके येतात, जीवावर बेततं.

आता जंतूने आपला आकडा असा बाहेर लावला, की आपलं शरीर तो ओळखायला शिकतं. त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. काही दिवसांत त्या आकड्याच्या पेशी मारल्या जातात. पण जंतूजवळ असे आकडे बनवणारी सुमारे ६० जनुकं आहेत. त्यांना व्हार जनुकं म्हणतात. प्रत्येकाचा नमुना वेगळा. पेटीत साठ लुगडी असावीत आणि अंगावर एका वेळी एकच असावं, तशी गत. बाकीची सगळी एचपी-वनने गाठोड्यात बांधून, जंतूच्या केंद्रकाच्या कडेला सरकवून ठेवलेली असतात. जे एक उघडं असतं ते तेवढं सैल असतं.

आणि एका जंतूचे अनेक होतात तेव्हा बांधणीही पुढच्या पिढीला जाते. आईने जे लुगडं नेसलं तेच लेकीने नेसावं, तसं. पण मधूनच एखादी लेक ते बांधून ठेवते आणि दुसरं काढते. आपल्या शरीराने पहिल्या लुगड्याचे सगळे जंतू मारले, तरी ही लेक सुटते. तिच्यापासून नवी फौज उभी राहते. शरीराला पुन्हा पहिल्यापासून ओळख शिकावी लागते. उपचार झाले नाहीत तर हा खेळ महिनोन्‌महिने चालू शकतो.

जंतूने साठही लुगडी एकदम बाहेर काढली असती तर काय झालं असतं? आपल्या शरीराने सगळी एकदम पाहून घेतली असती आणि पुढे लपायला काही उरलं नसतं. म्हणून गाठोडं घट्ट राहणं ही जंतूची गरज आहे.

गोवराचा विषाणू असे वेश बदलत नाही. म्हणून गोवराची एकदा झालेली ओळख पुरते. हिवतापाची पुरत नाही. आफ्रिकेत जिथे हिवताप बारा महिने असतो, तिथल्या मुलांना वर्षानुवर्षे आजारपणं काढावी लागतात, तेव्हा कुठे थोडी ताकद येते. लस बनवणाऱ्यांनीही म्हणूनच जंतू रक्तात उतरून वेश बदलायला लागण्याच्या आधीची वेळ गाठली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेली आणि आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-ट्वेंटीवन ही लस, डासिणीने नुकत्याच सोडलेल्या जंतूला यकृतात शिरण्याआधी अडवण्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तिची शिफारस केली आणि ती आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते.

वारेला चिकटणारा वेश

आता पोटुशी बाईचा प्रश्न.

त्या साठेक जनुकांत एक निराळं आहे. त्याचं नाव व्हार-टू-सीएसए. त्याच्यापासून बनणारा आकडा रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट धरत नाही. तो धरतो वारेत सापडणाऱ्या एका साखरेसारख्या पदार्थाला. १९९६ साली केनियातल्या बाळंतिणींच्या वारा तपासताना जंतू या पदार्थाला चिकटतात हे दिसून आलं. कोणतं जनुक हे काम करतं ते डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं.

पुरुषाच्या अंगात किंवा गरोदर नसलेल्या बाईच्या अंगात वार नसते. तिथे हा वेश घातलेल्या जंतूला धरायला जागा मिळत नाही, म्हणून तो टिकत नाही. त्यामुळे शरीराची आणि या वेशाची सहसा ओळखच झालेली नसते. बाई पहिल्यांदा पोटुशी राहते तेव्हा वार तयार होते आणि जंतूला एक नवी, न तपासलेली खोली मिळते. गाठोड्यातलं हे लुगडं बाहेर काढणारे जंतू तिथे भराभर वाढतात.

याचे परिणाम आपल्या घरात दिसतात. आईचं रक्त कमी होतं. वारेत जंतूंची गर्दी झाली की बाळाला पोषण कमी पोचतं. बाळ कमी वजनाचं जन्मतं, कधी दिवस पूर्ण होण्याआधीच, कधी पोटातच दगावतं. आपण म्हणतो, सुनेने खाल्लं नाही, जपलं नाही, म्हणून बाळ अशक्त झालं. सख्यांनो, दोष सुनेच्या माथी मारण्याआधी गरोदरपणात तिला ताप आला होता का, तेव्हा रक्त तपासलं होतं का, हे विचारा.

ज्या भागात हिवताप फार असतो तिथे पहिल्या बाळंतपणात हा धोका सर्वांत मोठा असतो. पुढच्या खेपांना शरीराला या वेशाची थोडी ओळख झालेली असते. पण जिथे हिवताप अधूनमधून येतो, तिथे ही ओळख पुरेशी होतच नाही. म्हणून आपल्याकडे पहिली खेप असो की तिसरी, प्रत्येक गरोदर बाईला जपायचं आहे.

आणखी एक सांगायचं आहे. जंतू वारेत चिकटून बसले असतील तर बोटाच्या रक्तात ते कमी सापडू शकतात. म्हणून गरोदर बाईची एक तपासणी ‘नाही’ आली आणि ताप मात्र राहिला, तर घरी बसू नये. आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा तपासून घ्यावं.

या एका वेशाविरुद्ध लस करता येईल का, याचेही प्रयत्न चालू आहेत. माणसांवरच्या पहिल्या पायरीच्या चाचण्या फ्रान्स, जर्मनी, बुर्किना फासो आणि बेनिन या देशांत झाल्या आहेत. साठ वेशांविरुद्ध लस करणं अवघड. पण पोटुशा बायांसाठी एकाच वेशाविरुद्ध करायची आहे, म्हणून आशा आहे.

चंद्रकोर

आता पहिला प्रश्न. ताप उतरल्यावर आणखी औषध कशाला?

रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारे जंतू डासिणीच्या पोटात गेले तर मरतात. डासिणीत जगण्यासाठी जंतूला नर आणि मादी अशी वेगळी रूपं घ्यावी लागतात. फॅल्सिपेरमची ही रूपं चंद्रकोरीच्या आकाराची असतात, आपण कपाळावर टिकली लावतो अगदी तशी. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात जंतू पहिल्यांदा ओळखला, तेव्हा त्याला या चंद्रकोरी दिसल्या होत्या. पुढे रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासिणीच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि डासाचा संबंध उघड झाला.

पण साधा जंतू चंद्रकोर कधी होतो, कोण त्याला सांगतं, हे कळायला त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं गेली.

२०१४ साली दोन गटांनी एक जनुक शोधून काढलं. त्याचं नाव एपी-टू-जी. त्यांतल्या एका गटाच्या निबंधावर पहिलं नाव अभिनव सिन्हा यांचं आहे. हे जनुक उघडलं की त्यापासून एक प्रथिन बनतं आणि ते बाकीच्या अनेक जनुकांना नर-मादी होण्याच्या कामाला लावतं. प्रयोगशाळेत पुष्कळ काळ वाढवलेल्या काही जंतूंची चंद्रकोरी करण्याची ताकद नाहीशी झाली होती. तपासलं तर त्यांचं हेच जनुक बिघडलेलं निघालं.

एरवी हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर एचपी-वनच्या गाठोड्यात बंद असतं. म्हणून बहुतेक जंतू आपल्या अंगात वाढत राहतात आणि थोडेसेच चंद्रकोरी होतात.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरातल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी जंतूच्या एचपी-वनला एक शेपूट जोडलं. एक खास रसायन घालत राहिलं तोवर एचपी-वन टिकायचं. रसायन काढून घेतलं की ते गळून जायचं. एचपी-वन गेल्यावर गाठोडी सुटली. व्हार जनुकं जी गप्प असायची ती बोलायला लागली. आणि निम्म्याहून जास्त जंतू चंद्रकोरीच्या वाटेला लागले. उरलेले वाढता वाढता मध्येच अडकले. एचपी-वन परत दिलं तेव्हा अडकलेले पुन्हा वाढायला लागले. एका प्रथिनावर जंतूचं लपणंही अवलंबून आहे आणि पसरणंही, हे या प्रयोगातून स्पष्ट दिसलं.

मग खऱ्या आयुष्यात ही गाठ सोडतं कोण? त्याचंही उत्तर २०१८ साली मिळालं. जीडीव्ही-वन नावाचं दुसरं प्रथिन गाठोड्याजवळ जातं आणि एपी-टू-जी जनुकावरचा एचपी-वनचा फेर मोडतं. जनुक मोकळं होतं. आणि जंतूला वेळ कशी कळते? आपल्या रक्तात एक स्निग्ध पदार्थ असतो, जो जंतू वाढण्यासाठी वापरतो. तो कमी पडायला लागला की जास्त जंतू चंद्रकोरीकडे वळतात, हे २०१७ साली दिसून आलं. ‘या घरातला शिधा आटत चालला, आता दुसरं घर बघा’, असाच तो निरोप म्हणायचा.

फॅल्सिपेरमची चंद्रकोर तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. या काळात ती बहुतेक करून हाडांच्या मगजात लपलेली असते. मग रक्तात येते. चंद्रकोरीमुळे ताप येत नाही, कारण ती पेशी फोडत नाही. माणूस बरा दिसतो, कामाला जातो, संध्याकाळी ओसरीवर बसतो. डासीण त्याला चावते, चंद्रकोरी तिच्या पोटात जातात आणि काही दिवसांनी तीच डासीण शेजारच्या घरातल्या लेकराला चावते.

आता औषधाचा हिशेब लागतो. फॅल्सिपेरमसाठी तीन दिवसांचं एसीटी देतात, वयाप्रमाणे वेगळ्या रंगाचं पाकीट असतं. ते ताप आणणाऱ्या जंतूंना मारतं. पण पूर्ण तयार झालेल्या चंद्रकोरींवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. त्यासाठी प्रायमाक्विनचा एक डोस असतो. म्हणजे एसीटी आपल्यासाठी आणि प्रायमाक्विन गावासाठी. ताप उतरल्यावर ती गोळी फेकून दिली, तर आपण बरे झालो, पण जंतूला शेजारच्या घरची वाट मोकळी करून दिली.

व्हायवॅक्समध्ये प्रायमाक्विन निराळ्या कारणासाठी, १४ दिवस देतात. तो जंतू यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. झोपलेल्याला तिथेच मारण्यासाठी हा लांब कोर्स असतो.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी सांगा. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो, त्यांनाही ही गोळी बाधते. गोळी उपाशीपोटी घेऊ नका. घेतल्यावर लघवी काळपट किंवा चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला, तर गोळी थांबवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा. दुसऱ्याच्या घरची उरलेली गोळी कधीच घेऊ नका.

अर्ध्या औषधाचं नुकसान

जंतूच्या पेटीत फक्त बांधणारे नाहीत, सैल करणारेही आहेत. जीसीएन-फाइव्ह नावाचं प्रथिन ‘इथे सैल ठेवा’ ही खूण करतं. पुण्याच्या आयसर या संस्थेत यावर काम झालं आहे. जंतूला उष्णता किंवा औषधाचा तडाखा बसतो तेव्हा संकटात तग धरण्याची जी जनुकं तो उघडतो, त्यांच्याशी या प्रथिनाचा संबंध आहे, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. औषधाला दाद न देण्याशी जोडलेली जनुकंही त्यांत आहेत.

म्हणजे औषध पोटात गेलं की जंतू गप्प मार खात बसत नाही. तो पेटी उघडून काय कामाला येईल ते शोधतो. तीन दिवसांचं पाकीट आपण एका दिवसात सोडलं, तर त्याला मार बसतो पण तो मरत नाही. जे जंतू तग धरतात त्यांचीच पुढे पैदास होते. म्हणून डोस पूर्ण करायचा.

ही गाठोडी बांधणारी, खुणा करणारी प्रथिनं औषधाने बिघडवता येतील का, हे जगातल्या अनेक प्रयोगशाळा तपासत आहेत. पण त्यात एक खोच आहे, ती तुमच्या लक्षात आली असेल. नुसतं गाठोडं सोडून दिलं तर चंद्रकोरीही वाढतील. म्हणून असं औषध चंद्रकोरींनाही मारणारं हवं. शिवाय आपल्या स्वतःच्या पेशींतही अशीच प्रथिनं आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. असं औषध आज आशाताईंच्या पिशवीत नाही. आज जे आहे ते नीट घेणं आपल्या हातात आहे.

गटाच्या बैठकीत बोलायला

आम्हाला वाटतं, एवढं सगळं नाव-गाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पुढच्या बैठकीत या चार गोष्टींवर मात्र बोला.

एक. आपल्या गटात गेल्या पावसाळ्यात कुणाकुणाला हिवताप झाला? त्यांनी शेवटची गोळी घेतली का, की ताप उतरल्यावर पाकीट तसंच फळीवर राहिलं? विचारताना कुणाला लाजवू नका. गोळी का राहिली ते ऐका. मळमळ झाली, की मजुरी बुडत होती, की कुणी नीट सांगितलंच नाही?

दोन. सध्या गावात कोण कोण पोटुशी आहे? तिच्या खाटेवर मच्छरदाणी आहे का? ताप आला तर त्याच दिवशी तिचं रक्त तपासायला कोण घेऊन जाईल, ते आजच ठरवा. घरातला पुरुष कामावर असेल तर शेजारची कोण?

तीन. रक्ताच्या तपासणीत व्हायवॅक्स निघाला की फॅल्सिपेरम, हे आशाताईंना विचारून लिहून ठेवायची सवय लावा. दोघांचे डोस वेगळे आहेत. कार्ड सांभाळून ठेवा.

चार. ‘मला तर मागेच होऊन गेला, आता मला काय होतंय’ असं म्हणणारं कुणी घरात असेल, तर त्यांना साठ लुगड्यांची गोष्ट सांगा. जुनी ओळख नव्या वेशाला पुरत नाही. ताप आला की प्रत्येक वेळी तपासणी.

जंतू डोळ्यांना दिसत नाही, त्याची गाठोडी तर सूक्ष्मदर्शकातही सहजी दिसत नाहीत. पण ती कधी बांधली जातात, कधी सुटतात, हे आपल्याला आता थोडं कळलं आहे. फळीवर राहिलेलं अर्धं पाकीट पाहिलंत, तर त्या घरच्या बाईला एवढंच सांगा, ‘ताई, ताप गेलाय, जंतू अजून आहे. गोळी का राहिली ते चल, आशाताईंना विचारू.’